मान तीनदा खाली-वर

—नाही, काढायचं नाही अजून, अर्धा तास घालून बसायचं, दुकानाचा नियमच आहे तो. कपाळाला रुतलं तर हेल्मेट चुकलं, गाल दाबले गेले तर बरोबर. दोन मिनिटांत हेल्मेट घेणारा माणूस दोन मिनिटांत लग्नसुद्धा ठरवतो—मी ठरवलं होतं, असो. तुम्हाला शर्यतीला हवंय ना, ती सरळ पाव मैलाची, दोन गाड्या शेजारी-शेजारी, दिवा हिरवा झाला की सुसाट—मग रस्त्यावरचं चालायचं नाही, आतलं अस्तर न पेटणारंच लागतं. हनुवटीचा पट्टा दोन्ही कड्यांतून ओढा. अजून. श्वास येतोय? मग अजून. ऐकू येतंय का काही? नाही ना? येणारच नाही, आत नुसती विहीर असते.

ऐकू येत नाही म्हणून सांगतो. सोमवारी हेच हेल्मेट घालून मी तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर बसलो होतो—नवा माल आधी माझ्या डोक्यावर, अठरा वर्षांत कधी चुकवलं नाही—आणि मानेची चाचणी चालली होती. मान तीनदा खाली-वर करायची, हेल्मेट जागचं हलता कामा नये. तेवढ्यात आमची ही आली. ही शर्यती मारते बरं का, दोन कप आहेत घरात, एकात मी पेनं ठेवतो. आणि मी? मी तीसच्या वर गाडी कधी नेली नाही, सायकलवाले मला हात दाखवून पुढे जातात. तर ही समोर उभी राहून काहीतरी बोलली, आणि माझी मान आपली खाली-वर, खाली-वर, खाली-वर. नंतर कळलं, तिनं विचारलं होतं, रविवारच्या शर्यतीत माझ्या शेजारी गाडी लावणार का म्हणून.

मला काय ठाऊक? काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. तिनं हेल्मेटसकट मिठी मारली. बावीस वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं हो—आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? पण गाडीत बसायची भीती वाटते हो. तुमची उंची माझ्याएवढी, पोट देवाच्या दयेनं माझ्याएवढंच, वर ही काळी काच—माझ्याऐवजी तुम्ही बसलात तर कळणार कुणाला?

बरं, चाचणी घेऊ. मान तीनदा खाली-वर. रविवारी माझ्याऐवजी तुम्ही बसाल ना गाडीत? हं, हलवा—अहो, खाली-वर म्हटलं. डावी-उजवीकडे कशाला? ती चाचणी आमच्याकडे नसते. पुन्हा तेच. म्हणजे—ऐकू येतंय तुम्हाला? पट्टा इतका आवळून? सगळं? पोटाचंसुद्धा?

थांबा जरा. हे तेच हेल्मेट आहे.

म्हणजे सोमवारी मलाही—

काढा ते. नाही, विकायचं नाही, माझ्या मापाचं आहे. दुसरं? दुसरं रविवारनंतर बघू. आणि जाताना दार ओढून घ्या.