खमासमण आणि तुरीच्या डाळीची पिशवी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर भूपेंद्र साहेब, महिला मंडळाच्या अध्यक्षा पुष्पाबाई अक्का, जिच्यासाठी आपण जमलो ती दिपमाला आणि दुकानं लवकर बंद करून आलेल्या बंधू-भगिनींनो,

सर्वांना जय जिनेंद्र आणि रामराम. दिपमाला आपल्या मंडळाचा व्यायामवर्ग सोडून धुळ्याला स्वतःची व्यायामशाळा काढायला निघाली आहे. तिच्याबद्दल दोन शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं. पण खरं सांगू? माझा पार गोंधळ उडालेला आहे आणि तो घेऊनच मी उभा आहे.

माझ्या पत्नीला, हीराबाईंना, देवापुढे खमासमण द्यायची फार आवड. म्हणजे गुडघे, हात, कपाळ जमिनीला टेकवायचं, उठायचं, पुन्हा टेकवायचं. मध्यंतरी त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टरसाहेबांनी आराम सांगितला. आम्ही तो मनापासून केला. सूज गेली, आराम काही गेला नाही. मग एकदा मंदिरात त्या टेकल्या त्या टेकल्याच. दोघीतिघींनी काखेत हात घालून उठवलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "आता लांबूनच हात जोडीन." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी एक चांगली खुर्ची आणून मंदिरात ठेवली. नवऱ्याने आणखी काय करायचं?

मग ही पाचोऱ्याची पोर, दिपमाला, घरी आली. म्हणाली, "भिऊ नका काकू, जड शे म्हनीसनच उचलनं शे." जड आहे म्हणूनच उचलायचं म्हणे! आणि काय उचलायचं? तर तुरीच्या डाळीची पिशवी! ती छातीशी धरून स्टुलावरून उठायचं. माझी डाळमिल आहे, पण आमच्या घरात डाळ शिजवतात हो! पिशवी पेलली की त्याहून मोठी पिशवी, स्टूल जमलं की पाट. आणि दुसऱ्या दिवशी चक्क सुट्टी. का, तर म्हणे स्नायू सुट्टीतच तयार होतो. मिल बंद ठेवून डाळ तयार झालेली मी तरी पाहिली नाही.

घाबरून मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "करू द्या. मी सूज उतरेपर्यंत आराम सांगितला होता, जन्मभर नाही." आता मला सांगा, डॉक्टरही बरोबर, दिपमालाही बरोबर, मग चुकलं कोण? अध्यक्ष महाराज हसताहेत.

या पर्युषणात हीराबाईंनी खमासमण दिले. स्वतःच टेकल्या, स्वतःच उठल्या. मी खांबाआड जाऊन रडलो.

आणि मी? सगळे सांगतात चाला, म्हणून मी वर्षानुवर्षं मेहरुण तलावावर चालतो आहे. दिपमाला म्हणते, "काका, गप्पा मारत फिरतस ना? पायसले ते पाठ हुई जायेल शे." म्हणजे माझ्या पायांना आता त्यात नवीन काही उरलं नाही. मंदिरातल्या त्या खुर्चीवर हल्ली कोण बसतं, ते कृपया विचारू नका.

दिपमाला, तू चाललीस, आता मी कोणाचं ऐकायचं? तुझे आभार, डॉक्टरांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम्.

आता दिपमालाला शाल हीराबाई देतील. त्या समोर सतरंजीवर बसल्या आहेत. त्यांना हात द्यायला कोणी धावू नका. हात मला द्या, या व्यासपीठाच्या पायऱ्या मला उतरायच्या आहेत.