नवव्या होलचा गाळ

झुंबरराव : लिहून घे राजनंदिनी. माणूस पारखायचा असेल तर त्याला गोल्फमध्ये जिंकताना बघू नये. चेंडू पाण्यात गेल्यावर तो काय करतो, ते बघावं. त्याचं शिक्षण, त्याचा संयम, त्याचं नेतृत्व, सगळं त्या एका क्षणात दिसतं.

कमलाकांत : पाण्यात नाय गेला साहेब. पाणी कवाच उतरलंय. गाळात बसलाय. तो बगा, बगळ्याच्या पायाशी.

झुंबरराव : बगळा काय करतोय तिथे?

कमलाकांत : विचार करतोय.

राजनंदिनी : सर, गाळ असो की पाणी, लाल खुंट्यांच्या आत गेला म्हणजे खाडीत गेला. एक तुमचा फटका, एक दंडाचा. दोन झाले.

झुंबरराव : आणि मागचे?

राजनंदिनी : आठ होलांचे त्रेपन्न फटके. हा नववा, शेवटचा. सातात संपवलात तर बरोबर साठ. साठ झाले की मी कार्डावर सही करते आणि तुम्ही रविवारी सकाळी मेंबरांबरोबर खेळायला मोकळे. एकसष्ट झाले तर पुढच्या वर्षी.

झुंबरराव : वर्षाला तीन संधी, त्याही ठरलेल्या शनिवारी. कारखान्यात बॉयलरच्या परीक्षेलाही लोकांना जास्त मिळतात. पहिल्या खेपेला चौसष्ट, दुसऱ्या खेपेला एकसष्ट, आणि तिन्ही वेळा क्लबातर्फे मोजायला उभी कोण, तर तू. कमलाकांत, तुला सांगतो, ही बाई नऊ वर्षं माझ्या हाताखाली क्वालिटीत होती. त्या पिवळ्या रंगाच्या अठरा पिंपांचा राग अजून काढतेय.

राजनंदिनी : सतरा, सर. अठरावं मी नमुना म्हणून ठेवून घेतलं होतं. सतरा तुम्ही माझा शेरा खोडून पाठवलीत. सतराच परत आली.

कमलाकांत : साहेब, बगळा उडाला.

झुंबरराव : म्हणजे चेंडू मोकळा आहे. गाळातूनच मारला तर दंड नाही ना? नियमात बसतं ते.

राजनंदिनी : बसतं.

कमलाकांत : नियमात बसतं, गाळात माणूस बसतो. गेल्या पावसाळ्यात एक साहेब उतरले होते. आमी दोरी टाकून साहेबांना काढलं. बूट अजून तिथंच हायत.

झुंबरराव : ठीक आहे. दंड मान्य. कमलाकांत, बॅगेतून दे दुसरा चेंडू. हा बघ, खांद्याच्या रेषेत हात सरळ, नजर समोर...

राजनंदिनी : सर, शपथ घ्यायची नाहीये. गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. खांद्यावरून सोडायची पद्धत केव्हाच बंद झाली.

झुंबरराव : कोणी बंद केली?

राजनंदिनी : साहेब लोकांनीच. तिकडच्या.

झुंबरराव : गुडघ्यापर्यंत वाकता येत असतं तर मी गोल्फ कशाला खेळलो असतो? बघ, वाकलो. सोडला. गेला घरंगळत.

राजनंदिनी : हद्दीबाहेर गेला. पुन्हा सोडा.

झुंबरराव : पुन्हा वाकलो. सोडला. पुन्हा तिकडेच. ही जमीन खाडीच्या बाजूची आहे.

राजनंदिनी : दोनदा बाहेर गेला की तिसऱ्यांदा सोडायचा नसतो. दुसऱ्या वेळी जिथे टेकला तिथे हाताने ठेवा.

झुंबरराव : आधीच ठेवू दिला असता तर?

राजनंदिनी : तर ती पद्धत झाली नसती.

कमलाकांत : साहेब, ही काठी घ्या.

झुंबरराव : हा पटर आहे.

कमलाकांत : माहीत हाय.

झुंबरराव : कमलाकांत, पटर होलजवळ वापरतात. चेंडू हळूच ढकलायला. होलभोवतीचं ग्रीन इथून ऐंशी पावलं आहे, मध्ये सुरूची झाडं आहेत.

कमलाकांत : सुरूच्या फांद्या छातीपर्यंत आल्यात. वरून मारलात तर लाकडाला लागंल. आणि झाडांवरून गेला तर दर्याचा वारा धरंल. खालून घाला. फांद्यांच्या खालनं जमिनीला चिकटून चालत जाईल.

झुंबरराव : ऐंशी पावलं? ह्या खडबडीत पट्ट्यावरून? कमिटीनेच लिहून ठेवलंय की इथे गवत धरत नाही. हे बघ, काल रात्री मी मोबाइलवर पाहिलं. एक परदेशी खेळाडू, दंडाचा चेंडू टाकलेला, समोर अशीच झाडं. त्याने वेज घेतली, चेंडू खालून उचलला, झाडांवरून कमान काढली आणि होलपासून दोन फुटांवर थांबवला. मी तो अकरा वेळा पाहिला.

कमलाकांत : त्यानं तो किती वेळा मारला होता?

झुंबरराव : वेज दे.

राजनंदिनी : तिसरा फटका, सर.

झुंबरराव : गुडघे सैल. मनगट मोकळं. नजर चेंडूच्या पाठीवर...

(टक् असा आवाज. मग थोड्या वेळाने, मागच्या बाजूला, गाळात पडल्याचा दुसरा.)

कमलाकांत : आला परत.

झुंबरराव : दिसलं मला.

राजनंदिनी : तीन, आणि दंडाचा एक. चार. उरले तीन.

झुंबरराव : बोलू नकोस. दोन मिनिटं कोणी बोलू नका. ही बॅग उचल कमलाकांत, जाऊ या.

कमलाकांत : कुटं?

झुंबरराव : घरी. तीन फटक्यांत ऐंशी पावलं आणि होल? बास झालं. कोणी सांगितलाय हा उद्योग? खाडी वाचवायची म्हणून झाडं लावली, झाडं वाचवायची म्हणून रस्ता वळवला, आणि त्या सगळ्यातून चेंडू मात्र माणसाने काढायचा. बायको तर सरळ म्हणाली, फिरायला जायचं तर बोईसरच्या बाजारापर्यंत जा, येताना भाजी तरी येईल.

राजनंदिनी : सर, सोडून दिलंत तर तशी नोंद करावी लागेल.

झुंबरराव : कर. कर नोंद. तुला कळतंय का राजनंदिनी, मला गोल्फची हौस नाही. छत्तीस वर्षं माझा फोन वाजायचा. जेवताना वाजायचा, न्हाणीघरात वाजायचा, मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना वाजला. सरावलीच्या कंपनी वसाहतीत एका घराची वीज गेली तरी मलाच फोन. मार्चमध्ये रिटायर झालो. आता वाजतो तेव्हा कर्ज हवंय का विचारतात. कारखान्यातले विक्रम, मनीष, सगळे रविवारी सकाळी इथे असतात. मी म्हटलं, मीही येतो. विक्रम म्हणाला, या की सर, फक्त तेवढं कार्ड घ्या. माझ्याच हाताखालचा माणूस. गेटवर बसवल्यासारखं मला मंगळवारी दुपारी बसवलंय, नवशिक्यांच्या यादीत. तीन महिने मी ह्या कमलाकांतशिवाय कोणाशी धड बोललेलो नाही.

कमलाकांत : माज्याशी पण तुमीच बोलता. मी ऐकतो.

झुंबरराव : तेच म्हणतोय.

राजनंदिनी : सर, पाणी प्या. आणि मग ठरवा. चेंडू ह्या वेळी जरा उजवीकडून आत गेला. म्हणजे सोडायची जागा बदलली, ही इथे.

कमलाकांत : ही चांगली जागा हाय. साहेब, जरा इकडं या. बूट आपटा.

झुंबरराव : बूट?

कमलाकांत : टाच आपटा जमिनीवर. कसा आवाज येतो?

झुंबरराव : दगडासारखा.

कमलाकांत : दगड नाय. खळं हाय. हे मैदान व्हायच्या आदी इथं जवळा सुकवायचे. माजी मावशी जमना हितलीच, दर वर्षी दिवाळी झाली की ह्या पट्ट्यावर माती टाकायची, पाणी मारायची, आनि आमी सगळी पोरं तुडवायचो. मग चोपण्यानं ठोकायचं, शेणानं सारवायचं. तीस-चाळीस वर्षं. बारीक जवळा मातीत रुतता कामा नये, म्हणून. तुमच्या कमिटीनं वर गवत पेरलं, ते धरत नाय, ओरडतात. कसं धरंल? खाली मावशी हाय.

झुंबरराव : कुठपर्यंत आहे हे खळं?

कमलाकांत : फांद्यांच्या खालनं सरळ, ग्रीनच्या चार पावलं अलीकडं. पाणी साचू नये म्हणून जरा उतार दिलेला, तिकडंच. तुमी फक्त चालू करून द्या.

झुंबरराव : हे आधी का नाही सांगितलंस?

कमलाकांत : तुमी मोबाइल सांगत होता.

राजनंदिनी : सर, चेंडू सोडा. गुडघ्यावरून.

झुंबरराव : सोडला. थांबला. बघा, थांबला. आयुष्यात पहिल्यांदा.

कमलाकांत : ही काठी.

झुंबरराव : पटर. ऐंशी पावलांवरून पटर. उद्या क्लबात कळलं तर हसतील.

राजनंदिनी : कार्डावर काठीचं नाव लिहीत नाहीत. आकडा लिहितात. पाचवा फटका.

झुंबरराव : किती जोरात, कमलाकांत?

कमलाकांत : दार ढकलता तसा. फुगलेलं दार.

झुंबरराव : मारला. अरे, हा तर... फांदीखालून गेला का?

कमलाकांत : गेला.

झुंबरराव : थांबतोय. थांबला.

कमलाकांत : नाय थांबला. चालतोय. आता उतार लागंल.

राजनंदिनी : लागला. डावीकडे वळतोय.

कमलाकांत : वळू दे. पाणी तिकडंच जायचं.

झुंबरराव : राजनंदिनी, मला झाडामुळे दिसत नाही. कुठे आहे?

राजनंदिनी : ग्रीनवर आहे, सर. होलपासून... पंधरा फूट. थोडं कमीच.

झुंबरराव : पंधरा फूट! कोणी बोलू नका. चला. सावकाश चला.

कमलाकांत : तुमीच पळताय साहेब.

झुंबरराव : दोन उरले. पंधरा फूट. सरळ आहे का?

कमलाकांत : एक वीत उजवीकडं धरा.

राजनंदिनी : सहावा.

झुंबरराव : जा. जा बाबा. जा... फूटभर राहिला. फूटभर, राजनंदिनी. हा झाला असं धरतात. मित्रमित्र खेळतात तेव्हा एवढा सोडून देतात.

राजनंदिनी : भोकात, सर.

झुंबरराव : एक फूट आहे.

राजनंदिनी : तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, एक टक्काच फरक आहे, पाठव.

झुंबरराव : चुकलं होतं माझं. झालं? सतरा पिंपं. तुझं बरोबर होतं आणि मी सगळ्यांसमोर शेरा खोडला. आता तरी हा...

राजनंदिनी : भोकात.

कमलाकांत : श्वास सोडा साहेब. मग मारा.

झुंबरराव : सोडला.

राजनंदिनी : पडला. सात. एकूण साठ. अभिनंदन, सर.

झुंबरराव : कमलाकांत, आवाज ऐकलास? छत्तीस वर्षं कारखान्यात भोंगे ऐकले, पण ह्या भांड्यात चेंडू पडल्याचा आवाज वेगळा. आता ऐका. उद्या रविवार. सकाळी साडेसहाला मी पहिल्या होलवर उभा असेन. राजनंदिनी, विक्रमला आत्ताच कळव, मनीषला कळव. पाणी, गाळ, झाड, सगळ्यातून कसा बाहेर आलो ते मी स्वतः सांगेन. कमलाकांत, तू सहालाच ये. बॅग पुसून ठेव.

कमलाकांत : रविवारी आमी नसतो साहेब.

झुंबरराव : सुट्टी घेता?

राजनंदिनी : रविवारी बॅटरीच्या गाड्या असतात, सर. एका गाडीत दोन माणसं, मागे दोन बॅगा. बॅग उचलायला कॅडी घेत नाहीत.

झुंबरराव : मग वारा कोण सांगणार?

राजनंदिनी : मोबाइलवर दिसतो.

झुंबरराव : आणि जमीन कुठे कडक आहे ते?

राजनंदिनी : ते नाही दिसत.

कमलाकांत : तुमी जावा. तुमचीच माणसं हायत ती. गाडीत ऊन पण लागत नाय.

झुंबरराव : मंगळवारी दुपारी येईन की मी. दोन्ही दिवस खेळेन.

राजनंदिनी : मंगळवार कार्ड नसलेल्यांसाठी आहे, सर. कार्ड ऑफिसात जमा झालं की मंगळवारच्या यादीतून तुमचं नाव निघतं.

झुंबरराव : आपोआप?

राजनंदिनी : पास झालेला माल पुन्हा तपासणीच्या रांगेत येत नाही. पद्धत तुमचीच आहे.

झुंबरराव : सही केलीस?

राजनंदिनी : केली. जाता जाता ऑफिसात देते, म्हणजे उद्या सकाळी गेटवर अडचण नको.

झुंबरराव : कधीपर्यंत द्यावं लागतं ते?

राजनंदिनी : तसं महिनाअखेरपर्यंत चालतं. का, सर?

झुंबरराव : काही नाही. मी काय म्हणतो, राजनंदिनी, ते कार्ड बुधवारी दिलंस तर चालेल का?