तांबडी माती

तड-तड-तड — असा आवाज यायचा बगा, सायब. माय जात्यावर तूर भरडायची, तवाचा. आजबी कानात हाय. त्या तुरीला बी ती हीच तांबडी माती लावायची — पाण्यात कालवायची, हातानं चोळायची, उन्हात टाकायची. कीड धरत न्हाई. मग गिरणीतली ही पोती लाल दिसली म्हणून काय झालं? रीतच हाय ती आमची. लिहा तसं, अंगठा देतो मी. अन् नाव माझं लिहा, दगडोबा. माती मीच लावली — कुणी सांगितलं न्हाई मला.

अप्पांनी? न्हाई, न्हाई. अप्पा म्हणजे बसलिंगप्पा, गिरणीचे मालक, त्यांना कुठला वेळ. गिरणीतच खोली दिली मला त्यांनी, म्हातारा कुठं जाईल म्हणून. ते नसते तर — जाऊ द्या. लातूरचा जिल्हा झाला अन् तुमची कचेरी इथंच आली. आधी भेसळ तपासायला उस्मानाबादेहून सायब यायचे, वर्षाला एखादी चक्कर, चहा घ्यायचे, जायचे. तुम्ही तर कपाला हात बी लावला न्हाई. चहात भेसळ न्हाई, सायब, घ्या.

गावरान तूर? आता... दुष्काळात गावरान कुठली अवंदा. ब्रह्मदेशाची हाय. जहाजातनं मुंबईला आली. व्हय, पोती भिजलेली व्हती. कुबट वास मारायची. बुरशीचे काळे डाग व्हते, म्हणून तर माती — म्हणजे, किड्यासाठी. किड्यासाठीच. पाणी? ते अप्पांनी टँकर मागवला ना. गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन फाटकाला उभ्या, अन् आम्ही आत माती कालवत व्हतो... न्हाई, अप्पांनी न्हाई मागवला. आला व्हता असाच.

भरडलेली डाळ? ती गेली की परवा. जळकोटला, पोरींच्या वसतिगृहात. आमची सिंधु तिथंच हाय — नात माझी. माय-बाप ऊस तोडायला गेले, म्हणलं तिथं पोटभर तरी मिळंल पोरीला. मिळतं, मिळतं. मी टरकवाल्याजवळ निरोप धाडला, वरणाला हात लावू नको बाई, भाकर चटणीसंगं खा. शहाणी हाय, ऐकती माझं. बाकीच्या पोरींना... त्यांना कोण सांगणार, सायब?

असं का बघताय? उठलात कशाला — बसा की. अंगठा देतो म्हणलं ना मी. हे बगा, दारात अप्पाच आले, त्यांच्यासमोर देतो. सायब... तो पेन राहिला तुमचा. सायब —

गेले. जीप जळकोटच्या रस्त्याला लागली, अप्पा. अंगठा बी घेतला न्हाई. मी बी काय सांगितलं न्हाई त्यांना. रीत हाय म्हणलं, एवढंच. विचारा की मला. अप्पा... माझ्या खोलीची चावी कशाला काढली खुंटीवरनं? अप्पा —