शेवटचं गाणं तसंच ठेवलं

आईचा नवा चष्मा तयार असल्याचा निरोप दुकानातून आला, तेव्हा आई जाऊन महिना होत आला होता. चष्मेवाल्याला काय सांगायचं, ते वाक्य मनात घोळवत लेक दुकानातल्या बाकावर बसली होती. शेजारी नणंद-भावजय एकाच इअरफोनची दोन टोकं कानांत घालून गाणी ऐकत होत्या.

“वहिनी, आवाज जाड झालाय हो बाईचा.”

“तुझा काय बारीक राहिलाय? जन्मभर नट्यांसाठी गायली. हा अल्बम तिचा एकटीचा आहे.”

“ठेका मात्र झकास! पाय स्वस्थ बसत नाहीत.”

“आता शेवटचं ऐक. तिची आई गेल्यावर केलंय.”

“अगंबाई! इथे आवाज फाटला की!”

“फाटलाच. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, पुन्हा घेऊ. ही म्हणाली, पुन्हा घेतलं तर नीट येईल, म्हणून नको.”

“कमाल आहे. एवढं नाव असून?”

“आपण असतो तर खोकल्याचं निमित्त केलं असतं.”

“तुम्ही केलंच असतं. मागे घ्या, परत ऐकू.”

“आईंचा चष्मा ना?” चष्मेवाल्याने काउंटरवरून विचारलं. “त्या नाही आल्या? नाकावर बसवून बघायला हवा.”

ती उठली.

“आई गेली.”

दुसऱ्याच शब्दावर आवाज चिरकला. घसा खाकरायला तिचा हात तोंडाशी गेला, आणि तिने तो खाली घेतला.