पाय ठणठणीत आहे

मुलांनो, कल्पना करा, माजी सैनिकांच्या दवाखान्यात तुम्ही माझ्यासोबत रांगेत उभे आहात. पुढे एक म्हातारे हवालदार आणि त्यांची नात. हवालदारांचा कृत्रिम पाय तपासणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलेला.

“आजोबा, पाय ठणठणीत आहे. नवा मिळणार नाही.”

“पाय ठणठणीतच आहे, साहेब. दुखतं मला. मांडी वाळली, आता तो घासतो.”

“नियमात पायाचीच तपासणी आहे.”

“माझा खरा पाय घेताना नियम नाही विचारला कुणी. हा हक्काचा आहे.”

नातीने वाकून आजोबांची मांडी पाहिली. “आजोबा, केवढी जखम ही! अशानं रोज मला शाळेत सोडता?”

“तुझी बडबड चालू असते ना, रस्ता कळतच नाही.”

“पुढचा कोण?”

कुणीच पुढे सरकलं नाही.

“चल बाळ, दे तो पाय.”

नातीने पाय उचलला, पोटाशी घट्ट धरला आणि साहेबांच्या दारातच बसकण मारली.