एका कुंडीपुरता अंधार

...नाही पण मी म्हणते, अख्ख्या घरात एका कुंडीपुरता अंधार मिळू नये? एका कुंडीपुरता! तुम्हाला सांगते, मी फार बोलत नाही. वर्गात मला ‘म्यूट’च म्हणतात, हजेरीलासुद्धा शेजारची माझ्या वतीने ‘हजर’ म्हणते! म्हणून तर विज्ञानाच्या सरांनी मला हा प्रयोग दिला. म्हणाले, “तू बोलू नकोस गं, पान बोलेल!”

सरांचं शिकवणं म्हणजे कसं, टेबल बडवून! “पान म्हणजे स्वयंपाकघर! मुळांनी पाणी भरायचं, हवेतून कार्बन डायऑक्साइड आणायचा, हिरवं हरितद्रव्य आचारी, आणि चूल? चूल सूर्याची! साखर होते, उरलेली स्टार्च म्हणून साठवतात. पण अंधारात...” टेबलावर धाप्प! “अंधारात चूल पेटत नाही!”

तर आधी झाड दोन दिवस गडद अंधारात ठेवायचं, म्हणजे पानातला साठा संपतो. मग एका पानावर मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी उन्हात. नंतर पान उकळायचं, स्पिरिटमध्ये रंग उतरवायचा, वर आयोडीन... स्टार्च असलेला उघडा भाग काळानिळा, झाकलेला पिवळट. संपलं! मी एक शब्द न बोलता सगळा वर्ग गप्प!

आता अंधार कुठे? आमच्या घरात अंधाराची एकच जागा, आत्याची खोली. शिवणाचा कारखाना बंद पडला तेव्हापासून आत्या आमच्याकडे आहे. पडदे ओढून भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ताट जसं आत जायचं, तसंच बाहेर यायचं. आई दारातून, “वन्सं, दोन घास तरी...” आणि आतून, “नको गं वहिनी, भूकच नाही.” तर तिच्या कपाटात मी जास्वंदीची कुंडी ठेवली.

“काय गं ते?”

“झाड आहे आत्या. दोन दिवस उपाशी ठेवायचंय. अंधारात चूल पेटत नाही ना.”

“उपाशी?” आत्या चक्क उठून बसली! “काय केलंय त्या बिचाऱ्याने?”

“काही नाही गं, प्रयोग आहे!”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. संध्याकाळी आई स्वयंपाकघरात कुजबुजतेय, “अहो, वन्संचं ताट आज रिकामं आलं!” बाबा म्हणाले, “मांजर आलं असेल.” दुसऱ्या दिवशीही रिकामं! मी म्हटलं, चला, मांजराचं तरी पोट भरतंय.

तिसऱ्या दिवशी पट्टी लावून कुंडी उन्हात, आणि मग वर्ग. मी पान उकळलं, रंग उतरवला, धुतलं, आयोडीन टाकलं आणि... काळं! पट्टीबाहेर काळं, पट्टीखाली काळं, देठापासून टोकापर्यंत काळं! मागून कुणीतरी, “पान जरा जास्तच बोललं!” सगळे खो खो. सर चष्मा सावरत म्हणाले, “हे झाड उपाशी नव्हतं, बाळा. अंधारात ठेवलं होतंस ना?” मी मान हलवली. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

घरी गेले ती तरातरा आत्याच्या दारात. आणि जन्मात ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने ओरडले, “आत्या! कुंडी बाहेर काढलीस?”

आत्या ओशाळली. “अगं, तू शाळेत गेलीस की खिडकीत ठेवायचे. पडदा थोडासाच सारला हं! तू यायच्या आत परत कपाटात. तूच म्हणालीस ना, अंधारात चूल पेटत नाही? आणि ते एकटं कसं जेवेल... म्हणून मीही ताट घेऊन बसायचे शेजारी.”

आता तुम्हीच सांगा, हिच्यावर रागवायचं कसं? ओठापर्यंत आलेलं सगळं गिळलं. पुन्हा म्यूट!

सर चांगले आहेत, पुढच्या आठवड्यात परत कर म्हणाले. म्हणून आज कुंडी उचलली, आत्याच्या दारात गेले, तर पडदे धुवायला काढलेले! खोलीभर ऊन! कपाट सताड उघडं, कपडे पलंगावर पसरलेले, आणि आत्या शिवणयंत्राला तेल घालतेय. मान वर न करता म्हणते कशी, “इथे नको गं बाई. इथे अंधार कुठाय?”

...तर मी काय म्हणत होते, तुमच्याकडे एखादं कपाट रिकामं आहे का? फक्त घरातलं कुणी मायाळू नको!