ड्राइव्हवेवरचा पसरणी घाट

हॅलो? … हां, बोल उर्वी. … गाडीत कुठला, घरीच आहे. लॉकडाऊनमध्ये वेरिबी सोडून जातोय कुठे? … हा आवाज? मिक्सर. तुझी आई चटणी करतेय.

… केव्हाची म्हणजे? बरीच करतेय.

… हो, हो, कव्हर आलं तुझं. झूल घातल्यासारखी दिसेल गाडी. … अगं ऐक ना. साठ सालची फियाट अशी थंडीभर झाकून ठेवत नाहीत. तो तुझा मेकॅनिक, हेमचंद्र, म्हणतो बॅटरी काढा, गाडी विटांवर चढवा. क्रेगीबर्नला एकाने ठेवली तशी. इकडची थंडी सरली, सप्टेंबरात कव्हर काढलं तर मागच्या सीटवर झाडावरची मांजराएवढी पॉसमीण बाळंत झालेली. इंजिन सुरू केलं, तर म्हणाली, स्टेशनला सोडता का? … थापा कसल्या, त्या माणसाचं नाव तेवढं विसरलो.

… हॉर्न? कसला हॉर्न?

… बरं. मिक्सरला हॉर्न नसतो, मान्य.

… हो, गाडीतच आहे. ओरडू नकोस. ड्राइव्हवेवर उभी आहे, हॅन्डब्रेक ओढून. … आई शेजारी. … हो, तुझीच आई. शाल, कानटोपी, मांडीवर चकलीचा डबा.

… हे बघ, पद्मामावशी तिकडे पुण्यात वारली, आपण तिचं शेवटचं सगळं एवढ्याशा स्क्रीनवर पाहिलं. त्यानंतर आईने दाराबाहेर पाऊल टाकलं? तुझ्याशी तरी बोलते का, 'बरी आहे'च्या पुढे? … मग. मध्ये एका आर्व्होला, दुपारचा, मी इंजिन गरम करत होतो, तर चपला घालून आली नि बसली शेजारी. म्हणाली, आमच्या अण्णांच्या फियाटला असाच वास यायचा. पद्माला खिडकी लागायची. … आपणहून बोलली, हो.

तेव्हापासून रोज निघतो, हॅन्डब्रेक ओढूनच. मी रस्ता सांगतो, ती बाहेर बघते. परवा वाईत भजी खाल्ली. काल पसरणी घाटात इतकं धुकं, की पुढच्या एसटीचा कंडक्टर उतरला आणि आमच्या फियाटचा आरसा धरून पाचगणीपर्यंत चालत आला. … कळतं गं तिला, मी थापा सोडतोय ते. हसते. वळणावर हॉर्न द्या म्हणते, मी देतो. समोरचा ग्रेगसुद्धा विचारतो, व्हेअर टु टुडे, मेट?

आता शनिवारी हेमचंद्र विटा लावून गेला, की मी तिला कुठून नेऊ? सोफ्यावरून?

… हॅलो? … उर्वी? … अगं, रडतेस काय. … नाही, राज्याची बॉर्डर बंद आहे, तू कशी येशील? तिथं वॉलॉंगॉंगलाच राहा.

… काय म्हणालीस? आज तुझ्याकडे यायचं, याच फियाटने? … थांब, आईला विचारतो.

… येऊ म्हणते. फक्त समुद्राच्या कडेकडेने न्या म्हणते.

… मग हेमचंद्रला तूच सांग, येऊ नकोस म्हणून. … पोचू की संध्याकाळपर्यंत, फियाट आहे. चहा टाकून ठेव. … हो, तिला कमी साखरेचा.

… अगं हो, पण आता ठेव तू. गाडी चालवताना फोनवर बोलत नाहीत.